मोटर वाजली की बोर्ड मरतो: स्वस्त हॅप्टिक डबीतला तोच तो बिघाड

बेळगावच्या वडगावात आमच्या घरी खाली काकांचे चार यंत्रमाग चालतात आणि वरच्या खोलीत माझं टेबल आहे. त्या टेबलावर मी इंटरॅक्शन डिझायनरांसाठी स्पर्श-प्रतिसादाच्या, म्हणजे हॅप्टिक, छोट्या डब्या जुळवते. आत कोड चालवणारा एक ईएसपी३२ बोर्ड, डीआरव्ही२६०५एल ही मोटर चालवणारी ड्रायव्हर चिप आणि शर्टाच्या गुंडीएवढी १० मिलिमीटरची कंपन मोटर. कोड, आराखडा, डब्याची थ्रीडी फाइल, सगळं खुलं आहे. पुण्या-बेंगळुरूची डिझाइनची मुलं ते उतरवून घेतात, स्वतः जुळवतात आणि चालेना की मला फोन करतात.

फोनचं पहिलं वाक्य ठरलेलं: "ताई, कोड बिघडलाय." आजवर मी हा बिघाड इतक्यांदा काढलाय की आता वाक्य संपायच्या आत "केबल कुठली लावलीयस?" असं विचारते. कोड फार क्वचित असतो. म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवते.

(स्टॅनफर्डच्या हॅपकिटसारखी, बोटाला उलटा जोर देणारी यंत्रं वेगळ्या जातीची. त्यांची दुखणी इथे नाहीत.)

लक्षणं

- टिचकी (मोटरीचा बोटाला लागणारा छोटा ठोका) मागितली की बोर्डवरचा दिवा विझून परत लागतो आणि कोड पहिल्यापासून सुरू होतो.
- सिरियल मॉनिटरवर (बोर्डाचे संदेश दाखवणारी लॅपटॉपवरची खिडकी) "ब्राउनआउट डिटेक्टर वॉज ट्रिगर्ड" अशी ओळ दिसते.
- एक टिचकी नीट लागते, पण लागोपाठ पाच दिल्या की तिसऱ्या-चौथ्याला बोर्ड मरतो.
- लॅपटॉपवर चालतं, पॉवर बँकेवर नाही.
- बोर्ड जिवंत राहतो, पण टिचकी मऊ लागते. गादीखालून कुणी बोट टोचल्यासारखी.
- मोटर मध्येच गप्प होते, डबी हलवली की परत बोलते.

पहिली तीन लक्षणं एकाच आजाराची आहेत: मोटर उठताना एकदम करंट ओढते, व्होल्टेज क्षणभर खाली बसतं आणि बोर्ड स्वतःला वाचवायला रीसेट होतो. चौथ्याला दोन कारणं असू शकतात. शेवटची दोन वेगळ्या आजाराची. सगळ्यांना एकच औषध दिलं की आठवडा फुकट जातो.

आणि एक सातवं लक्षण. डबी बंद असतानाही बोटाला झिणझिण्या येत असतील तर मधलं काही करू नका. थेट शेवटचा भाग वाचा.

१. आधी बोट तपासा

खर्च शून्य. हसू नका. मी पहिली डबी बनवली तेव्हा काकांना दाखवायला खाली गेले. दुपारची पाळी नुकतीच संपली होती. काकांनी अंगठा ठेवला, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "काय लागत न्हाई गं. जित्तं हाय की मेलं तुझं यंत्र?" मी वर येऊन सगळं उसकटलं. संध्याकाळी चहा झाल्यावर काकांनी सहज परत बोट ठेवलं आणि दचकून काढून घेतलं. मी मधल्या वेळात एक तारही बदलली नव्हती.

झालं असं: जलद कंपन ओळखणारी मज्जातंतूंची टोकं त्वचेत खोलवर असतात आणि साधारण २०० ते ३०० हर्ट्झच्या आसपास ती सगळ्यात तीक्ष्ण असतात. हात तासन्‌तास थरथरत्या मागावर असला की ती टोकं काही वेळ बधिर होतात. दुचाकीवर चोर्ला घाट चढून आलेल्या माणसाचंही तेच. गार बोटांनाही कमी कळतं; डिसेंबरच्या सकाळी बेळगावात ज्यांनी चाचण्या घेतल्यात त्यांना वेगळं सांगायला नको.

म्हणून हातांना वीसेक मिनिटं विश्रांती, चोळून ऊब, आणि दोन वेगळ्या माणसांची बोटं. तरी शंका असेल तर डबी पालथ्या स्टीलच्या ताटलीवर ठेवा, शेजारी चिमूटभर रवा पसरा आणि टिचकी द्या. रवा नाचला तर मोटर काम करतेय आणि दोष बोटात किंवा चिकटवण्यात आहे. रवा ढिम्म असेल तर पुढे चला.

२. केबल बदला

घरात असतील तेवढ्या यूएसबी केबली गोळा करा. सगळ्यात आखूड आणि जाड ती आधी लावा. स्वस्त केबलीतल्या तारा केसासारख्या असतात. २८ गेजच्या तांब्याच्या तारेला मीटरमागे सुमारे ०.२१ ओहम रोध असतो. जायची एक आणि यायची एक धरली तर ०.४३. अर्धा अँपिअर ओढला की ०.२ व्होल्ट केबलीतच जातो, टोकाच्या गंजक्या कनेक्टरचा तोटा वेगळा. वाय-फाय चालू असताना ईएसपी३२ स्वतःच मोठे झटके घेतो. त्यात मोटरही त्याच क्षणी उठली तर दोन्ही भार एकावर एक बसतात.

अशा बहुतेक बोर्डांवर ५ चे ३.३ व्होल्ट बनवायला एएमएस१११७ हा रेग्युलेटर असतो. त्याला आत यायला बाहेरपेक्षा एक व्होल्टाहून थोडं जास्तच लागतं. म्हणजे ५ चे ४.४ झाले की तो टेकीला येतो. केबलीतले ते दोन दशांश इथे महागात पडतात.

मला येणाऱ्या तक्रारींतल्या निम्म्या तरी इथेच मिटतात. केबल बदलायला सांगितलं की मुलांना अपमान वाटतो, हेही पाहिलंय.

३. पॉवर बँक

बोर्ड रीसेट होऊन परत उठतो की कायमचा झोपतो, ते बघा. कायमचा झोपत असेल तर तो आपला बिघाडच नव्हे. करंट फार कमी ओढला जात असला की पॉवर बँकेला वाटतं फोन भरला, आणि ती स्वतः बंद होते. टिचक्यांच्या मध्ये आपली डबी निवांत असते, म्हणून हे होतं. दुसरी बँक घ्या किंवा चार्जरवर चालवा. बोर्ड परत उठत असेल तर मागचाच मुद्दा: केबल.

४. सेल कुठल्या पिनला लावलाय?

डबी बिनतारी करायच्या घाईत १८६५० हा लिथियम सेल थेट ५ व्होल्टच्या पिनला जोडलेला मी कितीदा तरी पाहिलाय. सेलचे ३.७ व्होल्ट, त्यातून एएमएस१११७ आपले एकाहून अधिक कापून घेतो. उरले अडीचच्या आसपास. सेल पूर्ण भरलेला असताना कसंबसं चालतं, दुपारी मरतं, आणि मुलं म्हणतात "यंत्र तापलं की बंद पडतं". तापायचा काही संबंध नाही. मध्ये ५ व्होल्टपर्यंत चढवणारं बूस्ट मॉड्यूल घाला.

५. मोटरची तार

इथे जरा थांबून बघा, कारण सगळ्यात फसवा दोष इथे असतो.

या गुंडी मोटरींना लाल-निळ्या दोन तारा येतात, शिवणाच्या दोऱ्याएवढ्या. मोटर थरथरते, तार डब्याला चिकटवलेली असते. मग सगळी थरथर मोटरीच्या मानेशी, तार बाहेर पडते त्या अर्ध्या मिलिमीटरात जिरते. तिथलं तांबं तुटतं, पण वरचं प्लास्टिक शाबूत राहतं. मोटर शांत असताना तुटलेली टोकं एकमेकांना टेकलेली असतात, म्हणून मल्टिमीटर लावला की "पीं" वाजतं, सगळं ठीक. टिचकी दिली की मोटर हलते, टोकं सुटतात, मोटर थांबते, टोकं परत टेकतात. बोटाला नुसती एक घरघर जाणवते. मोटर स्वतःची वीज स्वतःच तोडत असते आणि मीटर ते सांगणार नाही, कारण तुम्ही मीटर ती थांबलेली असतानाच लावता.

हे मला काकांनी शिकवलं. मी मीटर घेऊन डोकं धरून बसले होते. काकांनी मोटर हातात घेतली आणि ताण्यातला तुटका धागा शोधतात तशी तार अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीतून हळू ओढली. मानेजवळ थांबले. "हितं मऊ हाय." मी चिमटा लावून हलकंच ओढलं, प्लास्टिक रबरासारखं लांबलं. आत काही नव्हतं. वीस सेकंदांचं काम, आणि मी दोन तास घालवले होते.

तेव्हापासून माझी रीत: तार चिमटीतून ओढून बघायची, आतलं तांबं अखंड असेल तर ती वाकल्यावर वाकलेलीच राहते, तुटलं असेल तिथे लुळी पडते. नवी मोटर लावताना तारेला छोटा सैल वळसा ठेवायचा आणि मानेवर ग्लू गनचा तांदळाएवढा थेंब टाकायचा, म्हणजे वाकण मानेपासून पुढे सरकते. तार ताठ ओढून लावलीत तर महिन्याभरात माझा फोन वाजणार.

ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता तारा नुसत्या खोचायची पट्टी) वापरत असाल तर त्याचाही हाच न्याय. कंपन देणारं यंत्र ब्रेडबोर्डवर पहिल्या दिवसापुरतं ठीक. टिचकी मारायच्या यंत्राला सोल्डर केलेलाच सांधा हवा.

६. मोटर थेट पिनला लावलीय का?

ड्रायव्हर चिपचे पैसे वाचवायला काही जण मोटर थेट बोर्डाच्या पिनला लावतात. आर्डुइनो उनो आर३ या बोर्डाच्या पिनची कमाल मर्यादा ४० मिलिअँपिअर, आणि तीही रोज गाठायची नसते. ही मोटर चालताना ८०च्या घरात आणि उठताना त्याहून जास्त घेते. पिन लगेच जळत नाही, म्हणून लोकांना वाटतं चालतंय. हळूहळू मरते.

चिप नकोच असेल तर २एन२२२२ ट्रान्झिस्टर, बेसला १ किलोओहमचा रोधक आणि मोटरीला आडवा १एन४१४८ डायोड लावा, पट्टी असलेलं टोक धनाकडे. डायोड का, तर करंट तोडला की मोटरीतली गुंडाळी उलटा झटका मारते आणि तो झटका ट्रान्झिस्टरच्या छाताडावर बसतो. गावातल्या टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे हे तिन्ही भाग चहाच्या पैशात मिळतात.

७. कपॅसिटर

आता सोल्डरिंग आलं. ड्रायव्हरच्या वीज पिनांशी, अगदी बोटभरसुद्धा लांब नाही असा, ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. इंटरनेटवर सगळे १०० म्हणतात. हिशेब करून बघा: मोटर उठताना १२० मिलिअँपिअर ५ मिलिसेकंद ओढते आणि बाहेरून तेवढ्यात काहीच पोचलं नाही असं धरलं, तर व्होल्टेज एकाहून जास्त उतरू द्यायचं नसेल तर ६०० मायक्रोफॅरड लागतात. बाहेरून थोडं येतच असतं, म्हणून ४७० वर भागतं. १०० वर भागणं हे नशीब.

पाण्याची टाकी गच्चीवर असते ती याचसाठी. नळ एकदम उघडला तरी खालच्या पाइपाचा जोर लगेच कळत नाही. पण टाकी मोटरीपासून लांब लावलीत तर मधल्या पाइपाचा रोध परत आलाच. म्हणून जवळ.

दोन गोष्टी सांभाळा. ऋण टोकाची पट्टी उलटी लावू नका, फुटतो. आणि २२०० वगैरे लावायचा मोह टाळा. रिकामा मोठा कपॅसिटर सुरू होताना स्वतःच इतकं ओढतो की बोर्ड उठायलाच कंटाळतो.

कुणीतरी सांगेल, ड्रायव्हरला सरळ ५ व्होल्ट दे, चिप ५.२ पर्यंत सोसते. सोसते, खरं आहे. पण चिपच्या छोट्या बोर्डवरचे पुल-अप रोधक (संदेशाच्या तारांचं व्होल्टेज वर धरून ठेवणारे) सहसा त्याच पुरवठ्याला जोडलेले असतात, आणि मग ५ व्होल्ट ईएसपी३२ च्या ३.३ व्होल्टच्या पिनांवर जाऊन बसतात. ड्रायव्हर ३.३ वरच ठेवा.

८. आता कुठे कोड

मोटरीच्या दोन जाती. एकीत आत तिरकं वजन फिरतं, ती ईआरएम. दुसरीत वजन स्प्रिंगवर वर-खाली होतं, ती एलआरए. चिपला कुठली लावलीय ते सांगावं लागतं, आणि चिप मुळात ईआरएम धरून चालते. एलआरए लावून हे सांगायचं विसरलात तर एकदाच "ठक्" होतं आणि पुढे सामसूम, कारण त्या मोटरीला उलटसुलट वीज हवी असते आणि मिळते एकाच दिशेची. परिणामांची, म्हणजे चिपमध्ये आधीच भरलेल्या कंपनाच्या नमुन्यांची, लायब्ररीही बदला: १ ते ५ ईआरएमच्या, ६ एलआरएची. मग यादीतला पहिला परिणाम वाजवा, जोरदार टिचकीचा. तोच मोजमाप समजा.

चिपमध्ये स्वतःचं कॅलिब्रेशन आहे. ते मोटर डब्यात बसवल्यावर करा. टेबलावर तारेला लोंबकळत्या मोटरीचं केलेलं कॅलिब्रेशन डब्यात खोटं ठरतं.

दोन बोटांसाठी दोन चिपा लावल्यात आणि दोन्ही एकदम वाजतात? सगळ्या डीआरव्ही२६०५एल चा पत्ता एकच असतो. मध्ये टीसीए९५४८ए मल्टिप्लेक्सर घाला, म्हणजे एकेका चिपेशी वेगळं बोलता येतं.

बोर्ड सुरू होतानाच टिचकी आणि वाय-फाय एकत्र नको. अर्धा सेकंद थांबा.

९. मऊ टिचकी: चिकटवणं

फोमची डबल टेप वापरलीत ना? तीच गादी. कंपन फोम खातो. पातळ, कडक चिकटपट्टी घ्या. जून ते सप्टेंबर इकडची हवा इतकी ओली असते की पट्टीची कड सुटते आणि मोटर एका बाजूनं लोंबते. तेव्हा टिचकीबरोबर "टर्र" असा आवाजही येतो. स्पिरिटच्या बोळ्यानं दोन्ही बाजू पुसून परत चिकटवा.

यानंतरही मऊ असेल तर वजनाकडे बघा. मोटर ढकलते ती सगळ्या डबीला. माहितीपत्रकातलं कंपन बहुधा १०० ग्रॅमच्या वजनावर मोजलेलं असतं. तुमची डबी ३०० ग्रॅमची असेल तर बोटाला तिसरा हिस्सा उरतो. मी वरची बोट ठेवायची पट्टी हलकी आणि वेगळी केली, मोटर तिलाच लावली आणि ती पट्टी चार मऊ रबरी बुटक्यांवर बसवली. खालचा तळ मात्र उद्यमबागेतल्या एका ओळखीच्या टर्नरकडून आणलेल्या बिडाच्या तुकड्याचा. फोम मोटर आणि बोटाच्या मध्ये नको; पट्टी आणि तळाच्या मध्ये हवा. हे उलटं करणारे रोज भेटतात.

इथे थांबा

डबी बंद, तरी झिणझिण्या. एका डिझायनरनं शहापुरातल्या जुन्या घरात दोन दिवस लोकांकडून चाचण्या करून घेतल्या. लोक म्हणायचे, "छान मऊ मऊ लागतंय." तिच्या डब्याला ॲल्युमिनियमचा पत्रा होता आणि तो यूएसबीच्या ग्राउंडला जोडलेला. लॅपटॉप चार्जरवर. मी गेले, मोटरीची तार काढून टाकली आणि बोट फिरवलं. तरी मऊ मऊ लागत होतं.

लॅपटॉपच्या चार्जरमधल्या गाळणीच्या कपॅसिटरांतून अगदी बारीक गळती होते. अर्थिंग नसेल तर ती पत्र्यावर येते, आणि कोरडं बोट फिरवलं की कातडी विजेच्या तालावर पकडते-सोडते. १९५३ साली मॅलिनक्रॉट या संशोधकानं नेमकं हेच लिहून ठेवलं: दिव्याचं पितळी सॉकेट दिवा लागलेला असताना बोटाला कमी गुळगुळीत लागतं. आज स्पर्श-पडदे खरखरीत भासवायचं एक तंत्र याच गोष्टीवर उभं आहे. पण तिथे करंट मोजून-मापून मर्यादित केलेला असतो, शहापुरातल्या भिंतीतला नव्हे.

चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवा. झिणझिण्या गेल्या तर तुमचं काम संपलं, इलेक्ट्रिशियनचं सुरू झालं. त्याला सांगा, "अर्थिंग मोजून दे." सॉकेटला तिसरं भोक आहे म्हणजे मागे तार आहे असं नव्हे, त्या घरात नव्हती. सॉकेट स्वतः उघडू नका, आणि झिणझिणी नसून झटका असेल तर आधी मेन बंद.

सेल फुगला, गोड-आंबट वास आला किंवा हात लावू देईना इतका तापला, तरी थांबा. टोचू नका, चार्ज करू नका, पार्सलनं मला पाठवू तर अजिबात नका. मोकळ्या जागी वाळूवर ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्याला द्या.

कुणाला डबीच नव्हे तर कपड्याचं सूत, भांड्याची कडही आठवडाभर दोन्ही हातांना नीट कळत नसेल, तर तो बिघाड माझ्या टेबलावर सुटणारा नाही. डॉक्टर.

आणि नऊही पायऱ्या करून बोर्ड रीसेट होतच असेल तर मीटर पुरे. साधा मीटर सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो; पाच मिलिसेकंदांची घसरण त्याला दिसत नाही. ऑसिलोस्कोप लागेल, क्षणाक्षणाच्या व्होल्टेजचं चित्र काढणारं यंत्र. बेळगावात इंजिनिअरिंग कॉलेजं काही कमी नाहीत, ओळखीच्या कुणाकडे तरी लॅब असतेच. प्रोब ड्रायव्हरच्या वीज पिनेवर, क्लिप तिथल्याच ग्राउंडवर, ट्रिगर उतरत्या कडेवर ३ व्होल्टला, एकदाच पकडायच्या मोडमध्ये, आणि मग टिचकी द्या. त्या चित्राचा फोटो मला पाठवा. शेजारी केबलीचाही फोटो असू दे.